100 मिलिलिटरमध्ये 500 : नदीस्नानाच्या एका आकड्याची हकीकत

तळेगाव (श्यामजी पंत) सोडून अमरावतीच्या वाटेला लागले की थोड्याच वेळात महामार्ग वर्धा नदी ओलांडतो. सातपुड्यात मुलताईजवळ उगम पावलेली ही नदी येथे दोन जिल्ह्यांची सीमा आहे. खाली कौंडण्यपूरला कार्तिकात यात्रा भरते तेव्हा घाटावर स्नानासाठी गर्दी होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत काठच्या गावांतली पोरे डोहात डुंबतात. ‘या पाण्यात उतरायला हरकत नाही ना?’ असे वर्गात कोणी विचारले तर काय सांगावे? पूर्वी पाणी डोळ्यांनी पाहून, वास घेऊन लोक हे ठरवीत. आज सरकारी निकषातला एक आकडा दाखवता येतो : 100 मिलिलिटर पाण्यात 500. हा आकडा कशाचा, आणि तो आला कोठून?

सुरुवात कलकत्त्याच्या एका तलावापासून करू. 1884 साली रॉबर्ट कॉख पटकीचा जंतू शोधत तेथे आला होता. एका तलावाच्या काठच्या वस्तीत पटकीची साथ उसळली. लोक त्याच तलावात आंघोळ करीत, धुणे धूत आणि पिण्यासाठी पाणीही तेथूनच नेत. पहिल्या रोग्याचे कपडेही याच पाण्यात धुतले गेले होते. कॉखला त्या पाण्यात स्वल्पविरामाच्या आकाराचे, पटकीच्या रोग्यांमध्ये सापडतात तसेच जंतू मिळाले. स्नानाचे पाणी आणि रोग यांचा संबंध सूक्ष्मदर्शकाखाली दाखवून देणारे हे बहुधा पहिले ठळक उदाहरण असावे.

पण कॉखची ही वाट रोजच्या कामाची नव्हती. रोगजंतू पाण्यात थोडे असतात, आज असतात तर उद्या नसतात. पटकीचा, विषमज्वराचा, हगवणीचा असा प्रत्येकाचा वेगळा शोध घेत बसायचे तर निष्कर्ष निघेपर्यंत साथ येऊन गेलेली असायची. यातून सुटका केली ती एका बहुतांशी निरुपद्रवी जीवाणूने. 1885 साली थिओडोर एशेरिशने तान्ह्या मुलांच्या विष्ठेतून तो वेगळा केला होता. हा जीवाणू प्रत्येक निरोगी माणसाच्या आतड्यातही असतो. एक ग्रॅम विष्ठेत त्याची संख्या कोटींच्या घरात जाते. 1892 मध्ये शार्डिंगरने सुचवले की पाण्यात हा सापडला तर पाण्यात विष्ठा मिसळली आहे असे समजावे. चोर शोधण्याऐवजी दार उघडे होते का, एवढेच पाहायचे. या जीवाणूला व त्याच्या भाईबंदांना मिळून कोलिफॉर्म म्हणतात.

ते मोजण्याची रीत वर्गात सांगण्यासारखी आहे. दुग्धशर्करा घातलेल्या द्रवाच्या परीक्षानळ्यांत थोडे थोडे पाणी घालून त्या उबेत ठेवतात. जिच्यात कोलिफॉर्म पडला, तिच्यात वायूचा बुडबुडा धरतो. समजा, शंभर नळ्यांत प्रत्येकी 1 मिलिलिटर पाणी घातले आणि पन्नास नळ्यांत वायू आला. तर 100 मिलिलिटरमध्ये 50 जीवाणू होते का? नाही. एखाद्या नळीत दोन, एखादीत तीनही पडले असतील, आणि बुडबुडा त्यांची संख्या सांगत नाही. संभाव्यतेच्या गणिताने उत्तर सुमारे 69 येते. 1915 साली मॅक्‌क्रेडीने हे गणित मांडले, म्हणून अहवालात या आकड्याला ‘अतिसंभाव्य संख्या’ म्हणतात. प्रत्यक्षात नळ्या मोजक्याच असतात; त्यामुळे खरी संख्या अहवालातल्या आकड्याच्या सुमारे तिप्पट किंवा एक-तृतीयांशही असू शकते. वर्तमानपत्रात ‘480, म्हणून सुरक्षित’ असे छापून येते तेव्हा हे कोणी लक्षात घेत नाही.

संख्या मोजता आली. पण किती संख्या धोक्याची, हे ठरवण्यासाठी पोहणाऱ्या माणसांकडेच जावे लागले. 1948 ते 1950 या काळात अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने तीन ठिकाणी कुटुंबांना दिनदर्शिका वाटल्या : कोण केव्हा पोहले, कोण केव्हा आजारी पडले, याची नोंद करायची. मिशिगन सरोवर आणि समुद्रकिनारा येथे चित्र स्पष्ट झाले नाही. ओहायो नदीत मात्र, जेथे एकूण कोलिफॉर्म 100 मिलिलिटरमध्ये सुमारे 2300 होते, तेथे पोहणाऱ्यांना पोटाचे विकार अधिक झालेले दिसले. पुढे 1968 मध्ये तज्ज्ञ समितीने हिशेब केला. त्या ठिकाणच्या एकूण कोलिफॉर्मपैकी 18 टक्के विष्ठाजन्य असतात; 2300 चे 18 टक्के म्हणजे सुमारे 400; सावधगिरी म्हणून त्याचे निम्मे, 200. एका नदीवरच्या एका पाहणीतून आलेला हा आकडा बरीच वर्षे ठिकठिकाणी प्रमाण मानला गेला. ब्रिटनमध्ये याच सुमारास, 1959 साली, उलटे मत दिले गेले : समुद्रकिनाऱ्याचे पाणी किळस येण्याइतके घाण नसेल तर धोका नगण्य आहे. म्हणजे पुन्हा डोळे आणि नाक! पुढच्या पाहण्यांपुढे हे मत टिकले नाही.

आपल्याकडे महाराष्ट्राने जलप्रदूषणाचा कायदा 1969 मध्येच केला. केंद्राचा कायदा 1974 चा. केंद्रीय मंडळाने नद्यांच्या पाण्याचे ‘ए’ ते ‘ई’ असे पाच वर्ग पाडले. त्यातला ‘बी’ वर्ग स्नानासाठी असून त्याची मर्यादा 500 एकूण कोलिफॉर्म. सप्टेंबर 2000 च्या अधिसूचनेत स्नानाच्या पाण्यासाठी 500 हा आकडा पुन्हा येतो, पण या वेळी तो फक्त विष्ठाजन्य कोलिफॉर्मचा आहे, आणि ऋतुमानाने होणारे चढउतार धरून 2500 पर्यंत मुभा आहे. आकडा तोच, पण मोजमाप सैल झाले. घाटावरचा अहवाल वाचताना यांतला कोणता 500, हे आधी विचारावे. पाण्याचा नमुना केव्हा घेतला, हेही विचारावे. पहिल्या पावसात काठावरची सारी घाण नदीत येते, त्यामुळे एरवीचा चांगला आकडा त्या दोन-तीन दिवसांत कामाचा नसतो.

आता एक वेगळी घटना. 1952 साली गाडगीळ आणि शहा यांनी रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावातून एक चमत्कारिक आजार नोंदवला. तेथल्या काही जणांच्या लघवीतून रक्त जात होते, आणि लघवीत शिस्टोसोमा कृमीची अंडी सापडली. इजिप्तमध्ये हा रोग फार जुना. भारतात तो नाही अशी समजूत होती. या कृमीचे जीवनचक्र असे : रोग्याच्या लघवीतून अंडी पाण्यात पडतात, त्यांतून निघालेल्या अळ्या गोगलगायीत शिरून वाढतात, आणि तेथून बाहेर पडलेल्या दुभंगलेल्या शेपटीच्या अळ्या पाण्यात उतरलेल्या माणसाची कातडी भेदून आत जातात. गिमवीला फेरिसिया ही अगदी बारीक, टोपीसारख्या शिंपल्याची गोगलगाय हे काम करीत होती. पाण्याचा घोट घ्यायचीही गरज नाही. पाण्यात उभे राहिले तरी पुरते. आणि हा प्रवास विष्ठेतून नव्हे, लघवीतून होत असल्याने कोलिफॉर्मची चाचणी कितीही चोख केली तरी तिला त्याचा पत्ता लागणार नाही. तो आकडा विष्ठेबद्दल विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आहे, बाकी कशाचे नाही.

बुडून मरण्याबद्दल तर तो काहीच सांगत नाही. भारतात दरवर्षी तीस हजारांहून अधिक माणसे पाण्यात बुडून मरतात. वर्धेच्या काठी याची कारणे दिसतात ती अशी. तळेगावच्या वरच्या अंगाला, मोर्शीजवळ सिंभोऱ्याला, ऊर्ध्व वर्धा धरण आहे. त्याचे दरवाजे उघडले की खाली आकाश निरभ्र असतानाही पाणी चढते. दुसरे कारण रेती. आपल्याकडे ‘घाट’ शब्दाचे दोन अर्थ झाले आहेत, एक स्नानाचा आणि एक लिलावाचा. रेतीघाटावर उपसा झाला की पात्रात खड्डे उरतात, आणि गुडघाभर पाण्यातून चालणारे पोर पुढच्या पावलाला डोक्यावरच्या पाण्यात जाते.

पावसाळ्यानंतर पाणी निवळते तेव्हा हे खड्डे अधिक फसवे होतात. वाटीतले नाणे पाणी ओतल्यावर वर आल्यासारखे दिसते, हा प्रयोग आपण वर्गात करतोच. सरळ वरून पाहिले तर पाण्याची खोली तीन-चतुर्थांश भासते. 1.6 मीटर खोल खड्डा 1.2 मीटरचा वाटतो, म्हणजे सातवीतल्या मुलाला उभे राहता येईल असा. आणि मूल काही सरळ वरून पाहत नाही. ते काठावरून, तिरपे पाहते, आणि तेव्हा तळ याहूनही वर दिसतो. वाटीतल्या नाण्याचा प्रयोग झाल्यावर फळ्यावर हे गणित सोडवायला दोन मिनिटे लागतात, आणि परीक्षानळ्यांच्या अहवालासाठी थांबावे लागत नाही.