आवाजाचा इतिहास आणि एक रबरी पट्टा

बौद्ध धम्माचा इतिहास हा मुळात ऐकण्याचा आणि पाठ करण्याचा इतिहास आहे. तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृहाला पहिली संगीती भरली. परंपरा सांगते की तिथे भन्ते आनंदांनी धम्म सांगितला, भन्ते उपालींनी विनय सांगितला आणि जमलेल्या भिक्खूंनी तो एकत्र म्हणून पक्का केला. त्यानंतर काही शतके तिपिटक माणसांच्या कंठातच राहिले. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात श्रीलंकेत ते ताडपत्रांवर उतरले. का उतरले? तर दुष्काळ पडला, लढाया झाल्या, आणि ज्यांना पाठ होते ते भिक्खू एकेक करून जाऊ लागले. माणूस गेला की त्याच्याबरोबर शब्दही जाणार, ही भीती उभी राहिली. तेव्हा आवाज जपण्याची काळजी आपल्या परंपरेला नवी नाही.

वर्धापनदिनाच्या या अंकात हा विषय घेण्याचे कारण असे की, तशीच वेळ आज आपल्या दारात आली आहे. फरक एवढाच, की या वेळी अडचण दुष्काळाची नसून एका रबरी पट्ट्याची आहे.

आधी आपल्या चळवळीचा आवाज कुठे कुठे उरला ते पाहू. महाडचा सत्याग्रह १९२७ चा. येरवड्याचा पुणे करार १९३२ चा. त्या काळी टेपरेकॉर्डर बाजारात आलाच नव्हता. पोलादी तारेवर आवाज धरण्याची युक्ती डेन्मार्कच्या पोलसेनने १८९८ मध्ये काढली होती. पण फितीवर आवाज घेणारे यंत्र लोकांनी प्रथम पाहिले ते १९३५ साली, बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात. दुसऱ्या महायुद्धानंतर ते जगभर पसरले. आपल्या पुण्यात आकाशवाणी केंद्र सुरू झाले २ ऑक्टोबर १९५३ रोजी. पुढच्याच वर्षी, २५ डिसेंबर १९५४ ला, बाबासाहेबांनी देहूरोडला बुद्धमूर्तीची स्थापना केली.

त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला बाबासाहेबांचे भाषण आकाशवाणीवरून झाले. स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून नव्हे तर बुद्धांच्या शिकवणीतून घेतली, असे त्यांनी त्यात सांगितले. १९५५ साली त्यांनी बीबीसीला इंग्रजीत दिलेली मुलाखत तर आज कोणालाही ऐकता येते. ती ऐकताना अंगावर काटा येतो. ती उरली, कारण त्या संस्थेकडे यंत्र होते आणि फीत ठेवायला कपाट होते. आपल्या वस्तीतल्या सभेला ना यंत्र होते, ना कपाट.

मग आपला इतिहास कोणी जपला? शाहिरांनी, जलसाकारांनी, गायन पार्ट्यांनी आणि आपल्या आया-आज्यांनी. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे लोककवी वामनदादा कर्डक (१९२२ ते २००४) गावोगाव हिंडून गायले. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसापर्यंत बाबासाहेब पोचले ते अशा गाण्यांतून. बायकांनी जात्यावर भीमाच्या ओव्या रचल्या. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचे मोठे काम केले. एक लाखाहून जास्त ओव्या लिहून घेतल्या गेल्या. १९९० च्या दशकात त्यांतल्या अनेकींचे ध्वनिमुद्रणही झाले. बाबासाहेबांवरच्या ओव्या त्यात आहेत. घरात कुजबुजल्यासारखा म्हटला गेलेला आवाजही इतिहास असतो, हे या कामाने दाखवून दिले.

स्पूलचा टेपरेकॉर्डर फार थोड्या घरांत होता. नोकरीतला कोणी, मंडळातला कोणी हौशी, असा एखाद्याकडेच. त्यावर जयंतीची भाषणे, बुद्ध पौर्णिमेची वंदना, गायन पार्टीचा सामना, लग्नातली गाणी घेतली गेली. कॅसेट १९६३ साली निघाली आणि १९८० च्या दशकात ती वस्तीवस्तीत आली; तेव्हा स्पूल माळ्यावर गेले. आता माळा साफ करताना ते खाली येतात. कोणीतरी वायर जोडतो, मोटर गुणगुणते, पण फीत हलत नाही. "बिघडलंय, द्या भंगारात," असं म्हणून यंत्र जातं, आणि त्याच्याबरोबर स्पूलही जातात. खरं तर पुष्कळदा बिघडलेला असतो तो फक्त पट्टा.

यंत्राचे काम समजून घेतले तर हे पटेल. पाव इंच रुंदीची फीत डाव्या स्पूलवरून उजव्या स्पूलवर जाते. वाटेत ती हेडला घासून जाते. फितीवरच्या लोहाच्या ऑक्साइडच्या थरात आवाज चुंबकीय खुणांच्या रूपाने साठलेला असतो. फीत ठरलेल्या वेगानेच गेली पाहिजे. घरगुती यंत्रात बहुधा सेकंदाला साडेनऊ किंवा एकोणीस सेंटिमीटर. हा वेग राखते ती कॅपस्टन नावाची गुळगुळीत दांडी. तिच्या खाली फ्लायव्हील हे जड चाक असते. बऱ्याच यंत्रांत मोटरची फिरकी या चाकापर्यंत पोचवतो तो रबरी पट्टा. मिस्त्री त्याला सरळ 'बेल्ट' म्हणतात.

रबर म्हातारं होतं. कधी सैल पडतं, कधी कडक होऊन त्याला चिरा जातात, तर कधी डांबरासारखं वितळून पुलीला चिकटतं. पट्टा घसरू लागला की आवाज जड होतो, हेलकावे खातो. वेग सहा टक्क्यांनी कमी झाला की सूर जवळजवळ अर्ध्या स्वराने उतरतो. म्हणजे गायक काळी एकमध्ये गायला असेल, तर आपल्याला तो पांढरी एकमध्ये ऐकू येतो. नातवाने आजोबांचा आवाज प्रथमच ऐकावा, आणि तोही खोटा, असं व्हायला नको.

पट्टा बदलणे अवघड नाही. आधी वायर भिंतीतून काढावी. जुन्या यंत्राच्या कंडेन्सरमध्ये वायर काढल्यावरही काही काळ वीज राहते, म्हणून जाणत्या माणसाकडूनच ते उघडून घ्यावे. पट्टा कुठून कुठे जातो त्याचा फोटो किंवा चित्र घ्यावे. वितळलेल्या रबराचा कण न् कण स्पिरिटच्या बोळ्याने पुसावा. जुन्या पट्ट्याच्या मापावर जाऊ नये, तो ताणलेला असतो. सुतळी पुल्यांवरून फिरवून माप घ्यावे आणि नवा पट्टा त्याहून साधारण विसाव्या भागाने लहान घ्यावा. फार घट्ट घेतला तर बेअरिंग झिजते, सैल घेतला तर घसरतो. रुंदी आणि जाडी जुन्यासारखीच हवी. तेलकट हात लावू नये. हेड आणि रबरी रोलर पुसून घ्यावा, आणि पहिल्यांदा बिनकामाची फीत लावून पाहावी. बुधवार पेठेत, तपकीर गल्लीच्या बाजूला चौकशी करावी. जुनी यंत्रे जाणणारे हात आता कमी होत चालले आहेत.

यंत्र चालू झाले की लगेच सगळ्यांना ऐकवण्याची घाई करू नये. जुनी फीत तुटू शकते, तिचे जोड सुटू शकतात, तिला पुण्याच्या पावसाळ्यात बुरशी धरलेली असू शकते. ती वेगाने पुढे-मागे पळवू नये. पहिल्याच वाजवण्यात तिचा आवाज वायरने संगणकात उतरवून घ्यावा. स्पीकरपुढे मोबाइल धरू नये. दोन प्रती दोन वेगळ्या घरी ठेवाव्यात. मूळ स्पूल फेकू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, कोण गातंय, कोण बोलतंय, गाव कोणतं, साल कोणतं, हे वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवावे. नाव नसलेला आवाज पुढच्या पिढीला अनोळखीच राहतो. पट्टा कधीही नवा मिळेल. तो आवाज ओळखणारी आजी पुन्हा मिळणार नाही.

सर्व संस्कार अनित्य आहेत, हे आपण वंदनेनंतर ऐकतो. रबर अनित्य आहे, फीत अनित्य आहे, आपणही. पण अनित्यतेचा अर्थ हात बांधून बसा असा नाही. श्रीलंकेतल्या भिक्खूंनी अनित्यता जाणली, म्हणूनच तर लेखणी उचलली. तेव्हा उपासक-उपासिकांना एवढीच विनंती आहे, की माळ्यावर एखादा स्पूल किंवा जुनी कॅसेट सापडली तर भंगारवाल्याच्या आधी विहारात दाखवा. रविवारच्या वंदनेला आपण सगळे जमतोच. एखाद्या रविवारी आपल्या आधीची माणसंही आपल्याबरोबर वंदना म्हणतील.

नमो बुद्धाय! जयभीम!