वेशीवरचा चौक

चर्चगेट स्टेशनावर रोज लाखो माणसे चढतात-उतरतात. त्या नावातले चर्च स्टेशनाजवळ कुठे दिसत नाही आणि गेटही दिसत नाही. दोन्ही शोधायची असतील तर वीर नरीमन मार्गाने सरळ पूर्वेकडे चालू लागावे. दहाएक मिनिटांत रस्ते एकमेकांना येऊन मिळतात, मधोमध एक दगडी कारंजे लागते आणि जवळच मशाल उंच धरून उभे असलेले शेतकरी-कामगार दिसतात. हा हुतात्मा चौक. ते गेट इथे होते. चर्च थोडे पुढे आहे, १७१८ साली उघडलेले सेंट थॉमसचे. त्या चर्चकडे जाणारा किल्ल्याचा दरवाजा म्हणून हे चर्चगेट. दरवाजा गेला, रस्त्याने त्याचे नाव उचलले आणि रस्त्यावरून ते स्टेशनाला मिळाले.

म्हणजे हा चौक जन्माने वेस आहे. कंपनी सरकारच्या मुंबईला तट होता आणि तटाला तीन दरवाजे होते : अपोलो, चर्च आणि बाजार. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, तेव्हा मुंबईकर इंग्रजांच्या पोटात गोळा आला. मराठे इथवर आले तर? तटाबाहेर खंदक खणायचे ठरले आणि शहरातल्या व्यापाऱ्यांनी त्यासाठी ३०,००० रुपये गोळा करून दिले. ज्या वेशीवर पुढे मराठी माणसाचे रक्त सांडायचे होते, त्या वेशीबाहेरचा खंदक मराठ्यांच्या धास्तीने खणला गेला होता.

शंभरेक वर्षांनी ती धास्ती उरली नाही आणि तट मात्र शहराच्या छातीवर आवळून बसला. आत दाटी, घाण, कोंदलेली हवा. १८६२ साली बार्टल फ्रिअर गव्हर्नर होऊन आले आणि तट पाडण्याचे काम जोरात सुरू झाले. तिकडे अमेरिकेत यादवी पेटली होती, इंग्लंडच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेना आणि मुंबईच्या कापूस व्यापाऱ्यांकडे पैशांचा पूर आला होता. तट ढासळत असतानाच, १८६३ साली, गोविंद नारायण माडगावकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ छापून निघाले. शहर डोळ्यांदेखत बदलत होते आणि एक मराठी लेखक ते टिपून ठेवत होता, हा आपल्या भाषेचा भाग्ययोग.

दरवाजाच्या मोकळ्या झालेल्या जागी १८६४ साली कारंजे उभे राहिले. हा खटाटोप होता पश्चिम हिंदुस्थानातल्या शेतकी व बागकामाच्या संस्थेचा. कर्सेटजी फर्दुनजी पारेख या पारशी गृहस्थांनी तिला २०,००० रुपये दिले. एकूण खर्च ४७,००० रुपयांवर गेला. आराखडा रिचर्ड नॉर्मन शॉ यांचा, कोरीवकाम जेम्स फोर्साइथ यांचे आणि दगड इंग्लंडहून आणलेला पोर्टलंडचा. आधी ते भायखळ्याच्या व्हिक्टोरिया बागेत, म्हणजे आजच्या राणीच्या बागेत, बसवायचे होते. शिखरावरची फ्लोरा ही रोमन लोकांची फुलांची देवता. ती भर रस्त्यात का, असा प्रश्न पडतो खरा. पण हे बागवाल्यांचे दान आहे आणि त्याचे मूळचे ठिकाण बाग आहे, हे कळले की प्रश्न सुटतो.

मग शहर या कारंज्याभोवती फिरू लागले. १८७४ साली घोड्यांच्या ट्राम आल्या, १९०७ साली विजेच्या आल्या, १९६४ साली शेवटची ट्राम धावली. २०१८ मध्ये कारंज्याच्या डागडुजीसाठी खोदताना जुने रूळ वर आले. फ्लोराच्या अंगावर वर्षानुवर्षे चढवलेले रंगाचे थर तेव्हा खरवडून काढले आणि २०१९ च्या जानेवारीत दगड पुन्हा मूळच्या रंगात दिसू लागला.

पण या चौकाचे आजचे नाव दगडाने दिलेले नाही. १९५५ साली भाषावार राज्ये ठरत होती आणि मुंबई महाराष्ट्रापासून तोडण्याचा घाट घातला गेला होता. २१ नोव्हेंबरला शहरात संप झाला. गिरणगावातून, चाळीचाळींतून माणसे निघाली ती विधानसभेवर आपले म्हणणे मांडायला. विधानसभा तेव्हा जुन्या कौन्सिल हॉलमध्ये भरे, फाउंटनपासून पायी जाण्याच्या अंतरावर. मोर्चा तिथे पोचू दिला नाही. तो इथेच अडवला, या जुन्या वेशीवर. लाठ्या चालल्या, अश्रुधूर सोडला, मग गोळ्या सुटल्या. त्या दिवशी १५ जण गेले. पुढच्या आंदोलनात ही संख्या १०६ वर गेली.

तट पाडून नव्वद वर्षे उलटली होती. दरवाजाचा दगडसुद्धा शिल्लक नव्हता. तरी ज्यांच्या घामावर हे शहर उभे होते, त्यांना ‘इथून पुढे नाही’ असे नेमके याच जागी सांगितले गेले. माझ्या मनात या चौकाचे मोल आहे ते इथे. तट दगडाचा असतो तेव्हा तो सुरुंगाने पडतो. माणसांना बाहेर ठेवणारा तट पाडायला माणसेच लागतात.

१ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला आणि त्याच साली फ्लोरा फाउंटनचा परिसर हुतात्मा चौक झाला. दोन्ही नावे आजही नांदतात. कुणी ‘फाउंटन’ म्हणते, कुणी ‘हुतात्मा चौक’, आणि टॅक्सीवाल्याला दोन्ही कळतात. मला यात भांडण दिसत नाही. एका पारशी दात्याचे पाणी आणि गिरणीकामगारांचे रक्त, दोन्ही याच शहराला अर्पण झाले आहे.

दर १ मेला मुख्यमंत्री इथे फुले वाहतात. बाकीच्या दिवशी ऑफिस गाठण्याच्या घाईतली माणसे या स्मारकाला वळसा घालून जातात. जावीत. वेशीवरून बेधडक जाता यावे, कुणी अडवू नये, एवढेच तर त्या १५ जणांना हवे होते.