पुणे फुटबॉल क्लबचे दुर्लक्षित मोहरे

वाचकहो, आपल्या समाजात फुटबॉलचा विषय निघाला की वाडवडिलांकडून ऐकलेल्या गोष्टी हटकून निघतात. कलकत्त्याच्या मोहामेडन स्पोर्टिंग संघाने १९३४ ते १९३८ अशी सलग पाच वर्षे तेथील लीग जिंकली. १९३७ साली बंगलोर मुस्लिम्स हा रोव्हर्स चषक जिंकणारा पहिला भारतीय संघ ठरला. संघांची ही नावे आपल्याला पाठ आहेत. पण त्या संघांतून खेळलेल्या खेळाडूंपैकी किती जणांची नावे आपण सांगू शकू? चषक लक्षात राहतो, खेळणारा विस्मरणात जातो. दूरची गोष्ट कशाला, आपल्याच पुणे शहरात अगदी अलीकडे असेच घडले आहे. त्याची आठवण ठेवावी म्हणून हा लेखनप्रपंच.

अशोक पिरामल समूहाने २००७ साली पुणे फुटबॉल क्लब स्थापन केला. दुसऱ्या श्रेणीतून बढती मिळवून हा संघ २००९-१० च्या हंगामात आय-लीगमध्ये उतरला आणि पहिल्याच वर्षी त्याने तिसरा क्रमांक पटकावला. डेरिक परेरा हे गोव्याचे जाणते प्रशिक्षक संघाला लाभले होते. २०१२-१३ मध्ये तर पुण्याने उपविजेतेपद मिळवले. पुढे होता तो फक्त गोव्याचा चर्चिल ब्रदर्स. २०१४ साली ड्युरँड चषकाच्या अंतिम सामन्यात साळगावकर संघाकडून पुण्याला एका गोलाने हार पत्करावी लागली. मोठा चषक हाती आला नाही तो नाहीच. २०१४-१५ च्या हंगामानंतर वरिष्ठ संघ बंद झाला आणि बालेवाडीच्या क्रीडासंकुलात त्याचे सामने पाहणाऱ्यांच्या हाती केवळ आठवणी उरल्या.

त्या आठवणींत पहिले नाव घ्यावे लागेल ते अनस एडथोडिका याचे. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यातील कोंडोट्टी हे त्याचे गाव. घरची परिस्थिती बेताची असल्याने उमेदीच्या काळात त्याने ऑटोरिक्षाही चालवली. मुंबई एफ.सी. संघात चार वर्षे काढून तो २०११ साली पुण्यात आला आणि २०१५ पर्यंत येथेच खेळला. नायजेरियाच्या चिका वालीसारख्या अनुभवी खेळाडूच्या सोबतीने त्याने बचावफळी सांभाळली. आता, बचावपटूचे काम कसे असते ते विद्यार्थी मित्रांनी लक्षात घ्यावे. गोल करणाऱ्याचे छायाचित्र दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात येते. बचावपटूने मात्र धोका ओळखून दोन पावले आधीच जागा घेतली, तर पुढे काही घडतच नाही. आणि जे घडले नाही त्याची बातमी कोण छापणार? त्याची चूक झाली की मात्र सर्वांना दिसते. अनस चार वर्षे हेच काम निमूटपणे करीत होता. पुण्यात असताना राष्ट्रीय संघाचा सदरा काही त्याच्या अंगावर आला नाही. तो मान त्याला मार्च २०१७ मध्ये, कंबोडियाविरुद्धच्या सामन्यात मिळाला. तेव्हा त्याचे वय तीस वर्षांचे होते. त्याच वर्षी इंडियन सुपर लीगच्या खेळाडू निवडीत जमशेदपूरने त्याला सर्वांत आधी उचलले, तेही एक कोटी दहा लाख रुपये मोजून!

दुसरे नाव आराता इझुमी. वडील गुजराती, आई जपानी, जन्म जपानमध्ये १९८२ साली. २००६ मध्ये तो ईस्ट बंगालकडून खेळण्यासाठी भारतात आला. पुढे मुंबईच्या महिंद्र युनायटेडकडून खेळून तो पुण्यात आला आणि येथे चांगलाच रमला. मधल्या फळीत चेंडू शांतपणे ताब्यात घ्यावा, सहकाऱ्याला नेमक्या जागी द्यावा, ही त्याची खासियत. भारताकडून खेळायचे तर भारतीय पारपत्र हवे, असा आपल्या सरकारचा नियम आहे. त्यासाठी त्याने जपानचे नागरिकत्व सोडले आणि नीलकंठ खंभोलजा हे नाव धारण केले. फेब्रुवारी २०१३ मध्ये कोची येथे पॅलेस्टाईनविरुद्ध तो भारताकडून प्रथम खेळला. योगायोग पाहा, त्याचेही वय तेव्हा तीसच होते! तो सामना भारताने ४-२ असा गमावला. पण ज्या सदऱ्यासाठी त्याने जन्मभूमीचे नागरिकत्व सोडले, तो त्याने पुण्याचा खेळाडू असताना मिळवला, हे पुणेकरांनी विसरू नये.

उपविजेतेपदाच्या हंगामात जेम्स मोगा नावाचा आघाडीचा खेळाडूही आपल्याकडे होता. दक्षिण सुदान हा देश २०११ साली स्वतंत्र झाला. त्या देशाचा पहिला अधिकृत सामना जुलै २०१२ मध्ये युगांडाशी २-२ असा बरोबरीत सुटला, तेव्हा त्यातील एक गोल या मोगाचा होता. नव्या राष्ट्राच्या इतिहासात नोंद झालेला हा माणूस त्यानंतर लगेच पुण्यात खेळत होता. आपल्यापैकी किती जणांना त्याची दखल होती?

क्लबने २०११ मध्ये मुलांसाठी अकादमीही सुरू केली होती. २०१४ साली मलप्पुरमचाच आशिक कुरुणियन हा मुलगा तेथे शिकायला आला. घरच्या उसाच्या रसाच्या दुकानात मदत करीत तो वाढलेला होता. पुढे तो स्पेनमधील व्हिलारियल क्लबच्या तिसऱ्या संघापर्यंत जाऊन आला, आणि परतल्यावर एफ.सी. पुणे सिटीकडून खेळला. या दुसऱ्या क्लबचा कारभारही २०१९ मध्ये आटोपला.

दोन क्लब आले आणि गेले, मग हाती काय राहिले, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर अबू धाबी येथे ६ जानेवारी २०१९ रोजी मिळाले. आशिया चषकात भारताने थायलंडचा ४-१ असा पराभव केला. १९६४ नंतर या स्पर्धेतील भारताचा हा पहिलाच विजय होता. त्या दिवशी बचावफळीत अनस उभा होता आणि आघाडीला आशिक धावत होता. चौथा गोल केला तो बदली खेळाडू म्हणून आलेल्या मिझोरामच्या जेजे लालपेखलुआने, आणि हा जेजेदेखील कोवळ्या वयात पुणे क्लबमध्येच घडलेला! ज्या क्लबचा वरिष्ठ संघ चार वर्षांपूर्वी बंद झाला, त्याची मेहनत परदेशच्या मैदानात अशी फळाला आली.

मात्र खेळात सुखाचे दिवस फार टिकत नाहीत, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. आठवडाभराने बहरीनविरुद्धच्या सामन्यात अनसला सुरुवातीलाच दुखापत होऊन बाहेर जावे लागले. शेवटच्या क्षणी मिळालेल्या पेनल्टीवर भारत हरला आणि स्पर्धेबाहेर पडला.

पालक बंधुभगिनींनो, आपल्या मुलाने फुटबॉलच्याच मागे लागावे, असे माझे म्हणणे नाही. लागोपाठ बंद पडलेले दोन क्लब पाहिल्यावर पुस्तके बाजूला ठेवा असा सल्ला कोण देईल? पण अंधार पडेपर्यंत मैदानात राहणारा मुलगा वाया गेला, असा निकाल घाईने देऊ नका. आणि विद्यार्थी मित्रहो, ज्याचे नाव पुकारले जात नाही त्याचे कामही मोजले जाते. कधी कधी त्याला तीस वर्षे लागतात एवढेच. पुढच्या वेळी सामना पाहाल, तेव्हा गोल करणाऱ्याकडे अवश्य पाहा, पण मागे उभा राहून चेंडू अडवणाऱ्याचे नावही विचारून घ्या.