किडनॅप्ड

स्कॉटिश लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन (१८५०–१८९४) यांची किशोरांसाठी लिहिलेली साहसकादंबरी. ‘यंग फोक्स’ या मुलांच्या साप्ताहिकात ती मे ते जुलै १८८६ या काळात क्रमशः छापून आली आणि त्याच वर्षी कॅसल या प्रकाशनसंस्थेने तिचे पुस्तक काढले. ‘ट्रेझर आयलंड’ही आधी याच साप्ताहिकातून आली होती. चाचे आणि खजिना यांच्या बळावर तीच जास्त गाजली. पण जाणत्या वयात दोन्ही पुन्हा वाचल्या, तर ‘किडनॅप्ड’चे पारडे जड वाटते. एकमेकांचे शत्रू शोभावेत अशा दोन माणसांची मैत्री हा तिचा प्राण आहे.

काळ १७५१ चा. वडील वारल्यावर सतरा वर्षांचा डेव्हिड बॅलफोर आपल्या काकाच्या, एबेनेझरच्या, शॉज नावाच्या वाड्यावर येतो. काका कमालीचा कंजूष, आणि इस्टेटीचा खरा वारस डेव्हिड. एका वादळी रात्री काका त्याला दिवा न देता बुरुजातली पेटी आणायला धाडतो. वीज चमकते तेव्हा आपला पाय खोल पोकळीच्या अगदी काठावर पडला आहे, हे डेव्हिडला दिसते. मग तो रांगत, एकेक पायरी हाताने चाचपत वर जातो, आणि एका जागी हाताला पायरी लागतच नाही. जिना तिथेच संपलेला असतो. हा डाव फसल्यावर काका त्याला कॅप्टन होसिसनच्या ‘कव्हनन्ट’ जहाजावर चढवतो. अमेरिकेतल्या कॅरोलायना वसाहतीत त्याला विकायचे, असा हा कट असतो.

धुक्यात या जहाजाची एका होडीला धडक बसते. तीतला एकच माणूस उडी घेऊन जहाजावर येतो, तो ॲलन ब्रेक स्टुअर्ट. ठेंगणा, देवीच्या व्रणांचा, चांदीच्या बटणांचा निळा कोट घातलेला, कमरेला सोन्याच्या नाण्यांचा पट्टा. डेव्हिड सखल भागातला, प्रेस्बिटेरियन आणि राजा जॉर्जशी एकनिष्ठ. ॲलन डोंगराळ हायलँडचा आणि पदच्युत स्टुअर्ट घराण्याचा कडवा पाठीराखा. १७४६ मध्ये कलोडनच्या लढाईत त्याचा पक्ष चिरडला गेला. पुढे हायलँडमध्ये शस्त्रांवर आणि पारंपरिक पोशाखावर बंदी आली, बंडखोर सरदारांच्या जमिनी जप्त झाल्या. ॲलनच्या मुलखातली, ॲपिनची गरीब कुळे सरकारला खंड देऊन वर फ्रान्सला परागंदा झालेल्या आपल्या सरदारासाठीही पैसे काढत. ॲलनच्या पट्ट्यातले सोने हेच. लहानपणी हा तपशील नजरेतून निसटतो. मोठेपणी तो बोचतो, कारण ॲलनच्या शौर्यामागे किती जणांचे पोट मारले गेले आहे, हे त्यातून कळते.

कप्तान ॲलनला लुटायचे ठरवतो. डेव्हिड त्याला सावध करतो आणि दोघे मिळून पंधरा जणांशी झुंजतात. विजयानंतर ॲलन लगेच गेलिक गीत रचतो, पण त्यात डेव्हिडचे नावही नसते! तरी आपल्या कोटाचे एक चांदीचे बटण तो त्याला कापून देतो. अशी बढाई आणि असे औदार्य एकाच माणसात, एकाच प्रसंगात दाखवणे फार थोड्यांना जमले आहे.

पुढे जहाज फुटते. एराइड या बेटावर अडकलेला डेव्हिड उपाशीपोटी कच्चे शिंपले खाऊन दिवस काढतो. ओहोटीला तिथून चालत बाहेर पडता येते, हे त्याला माहीतच नसते. हे बेट स्टीव्हन्सनच्या चांगल्या परिचयाचे होते. त्यांचे घराणे दीपगृहे बांधणाऱ्या अभियंत्यांचे, आणि १८७० मध्ये डू हार्टाक दीपगृहाचे काम चालू असताना ते स्वतः तिथे राहिले होते.

कथेचा कणा मात्र इतिहासातला आहे. सरकारचा वसुली अधिकारी कॉलिन कॅम्पबेल याचा ॲपिनजवळ १४ मे १७५२ रोजी गोळी घालून खून झाला. संशय ॲलन ब्रेक या खऱ्याखुऱ्या माणसावर आला. तो निसटला आणि त्याचा पालक जेम्स स्टुअर्ट याला फाशी झाली. पंधरा ज्यूरींपैकी अकरा कॅम्पबेल घराण्यातले होते, न्यायासनावर कॅम्पबेलांचाच प्रमुख होता. खरा मारेकरी कधीच सिद्ध झाला नाही. कादंबरीत स्टीव्हन्सननी ही घटना एक वर्ष मागे नेली आणि अर्पणपत्रिकेत तसे मोकळेपणाने सांगितले.

खून डेव्हिडच्या डोळ्यांसमोर होतो, तिथेच ॲलन त्याला पुन्हा भेटतो आणि दोघांना दऱ्याखोऱ्यांतून पळावे लागते. इथे कादंबरी खरी उंची गाठते. क्लूनी मॅकफर्सन या बंडखोर सरदाराच्या लपणीत डेव्हिड तापाने फणफणलेला असताना ॲलन त्याचे पैसे मागून घेतो आणि पत्त्यांत हरतो. त्यानंतर दिवसचे दिवस अबोला, टोमणे, आणि शेवटी डेव्हिड त्याच्या पराभवावरच घाव घालून तलवार उपसतो. ॲलनही उपसतो, पण आपल्याला हे जमणार नाही म्हणत ती फेकून देतो. कितीही माफी मागितली तरी बोललेले शब्द परत घेता येणार नाहीत, हे डेव्हिडला उमगते. म्हणून तो माफी मागत नाही. मला चालवत नाही, आधार दे, एवढेच म्हणतो. ॲलनचा राग तिथेच विरघळतो. पक्ष कोणीच बदलत नाही. राजा कोण, यावर त्यांचे शेवटपर्यंत पटत नाही आणि लेखकही ते पटवून देण्याच्या फंदात पडत नाही.

वकील रँकिलरच्या मदतीने डेव्हिड काकाकडून आपला हक्क मिळवतो, पण जेम्सच्या खटल्याचा प्रश्न तसाच राहतो. एडिंबरोच्या बँकेच्या दारात कथा थांबते आणि १८९३ च्या ‘कॅट्रिओना’ या उत्तरभागात तिथूनच पुढे सुरू होते. एडिंबरोत कॉर्स्टॉर्फिन रस्त्यावर २००४ मध्ये शिल्पकार अलेक्झांडर स्टॉडार्ट यांनी घडवलेला डेव्हिड आणि ॲलन यांचा पुतळा उभा राहिला. कादंबरीवर अनेक चित्रपट निघाले. १९६० च्या डिस्ने चित्रपटात पीटर फिंच यांनी ॲलन रंगवला. १९७१ च्या चित्रपटात मायकेल केन ॲलन झाले आणि ‘कॅट्रिओना’चे कथानकही त्यात ओवले गेले.