जवस, शेंदूर आणि जुन्या गाडीचा पत्रा

नागपूरहून रायपूरकडे जाणारा रस्ता साकोली आणि सडक अर्जुनी मागे टाकून कोहमाऱ्याच्या चौकात येतो. इथून उत्तरेला गोंदियाची वाट फुटते, दक्षिणेला नवेगावबांधची. इंग्रजांच्या काळात हा ग्रेट ईस्टर्न रोड होता, पुढे राष्ट्रीय महामार्ग 6 झाला आणि 2010 च्या फेरक्रमांकनानंतर 53. या रस्त्याने बैलगाड्यांपासून कंटेनरपर्यंत सारं पाहिलंय. या वाटेवरून गेलेल्या प्रत्येक लोखंडी चाकाला आणि पत्र्याला एकच शत्रू भेटला, तो म्हणजे पाणी. जून ते सप्टेंबर इथे साधारण 1200 ते 1300 मिलिमीटर पाऊस पडतो. धानाच्या बांध्या महिनोन्‌महिने तुडुंब असतात आणि श्रावणात कपाटातल्या कपड्यांनाही बुरशी येते.

मुंबईकराला वाटेल, समुद्रापासून इतक्या लांब गाडी कशाला गंजेल? खारी हवा नाही म्हणून इथे गंज सावकाश चढतो, एवढंच खरं. ब्रिटिश संशोधक व्हर्नन यांनी सुमारे शंभर वर्षांपूर्वीच दाखवून दिलं होतं, की हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण 60 टक्क्यांच्या वर गेली की लोखंड झपाट्याने गंजू लागतं. त्यासाठी पाऊस अंगावर पडायलाच हवा असं नाही. गोंदियाच्या पावसाळ्यात ही मर्यादा दिवसरात्र ओलांडलेली असते.

मोटारीच्या पत्र्याला गंजापासून वाचवणारा रासायनिक हौद कारखान्यात आला, तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. त्याआधी हे काम रंगाऱ्याच्या डब्यातून व्हायचं आणि त्या डब्यातला निम्मा माल या पट्ट्यातल्या शेताजंगलांना चांगला ओळखीचा होता.

पहिल्यांदा आठवते ती लाख. पळस, कुसुम आणि बोरीच्या फांद्यांवर किड्यांनी साठवलेली लाख गोंदियाच्या कारखान्यांत धुऊन, वितळवून, पातळ पापुद्र्यांच्या रूपात बाहेर जायची. या मालाला जगभर गिऱ्हाईक होतं. 1950 च्या दशकापर्यंत ग्रामोफोनच्या तबकड्या लाखेच्याच असत. मोटारीतही तिला जागा होती. सुरुवातीच्या गाड्यांचा सांगाडा लाकडी असे आणि त्याच्या गाठींवर स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख फिरवली जाई. इंजिनाच्या गॅस्केटला शेलॅक, म्हणजे हीच लाख, लावणारे मेकॅनिक तर कालपरवापर्यंत होते. पण गंजाच्या बाबतीत लाखेचं कौतुक जपूनच करावं. पाणी बसलं की तिचा थर पांढुरका पडतो. उघड्यावरच्या पत्र्याची राखण तिला कधीच जमली नाही.

जमली ती जवसाला. पूर्व विदर्भात धान कापायच्या आधी, शेतात ओल असतानाच, उभ्या पिकात जवसाचं बी फेकायची रीत आहे. तिला उतेरा म्हणतात. नांगरट नाही, वेगळं पाणी नाही, जे हाती येईल ते वरकड. घाण्यावरचं तेल फोडणीला आणि दाणे चटणीला जात. रेल्वे नागपूरला 1867 मध्ये पोहोचली आणि पुढच्या वीसेक वर्षांत गोंदियाच्या पुढे गेली, तसं हे बी मुंबई बंदरातून विलायतेला जाऊ लागलं. तिकडे त्याची चटणी होत नव्हती. त्याचा रंग, व्हार्निश आणि लिनोलियम होत होतं.

जवसाच्या तेलाचा गुण असा, की ते वाळतं, पण उडून जात नाही. हवेतला ऑक्सिजन शोषून घेत त्याचे रेणू एकमेकांत गुंततात आणि पातळ तेलाची चिवट कातडी होते. खोबरेल किंवा शेंगदाण्याच्या तेलाचं असं होत नाही. ते वर्षभरानेही चिकटच राहतं. हा गुण धोक्याचाही आहे. जवसाच्या तेलात भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकल्या, तर वाळताना निघणाऱ्या उष्णतेने त्या आपोआप पेटतात. जुने रंगारी त्या पसरून वाळवत किंवा पाण्यात टाकत.

या तेलाचा जोडीदार शेंदूर. गावच्या मारुतीला तेलात कालवून लावतात तोच, शिशाचा नारिंगी ऑक्साइड. थरावर थर चढत गेले की त्याचं काय होतं, हे महाराष्ट्राने 2022 मध्ये पाहिलं. वणीच्या सप्तशृंगी देवीच्या मूर्तीवरून तेव्हा हजार किलोंहून अधिक शेंदूरलेपन उतरवण्यात आलं. कारखानदारीच्या जगात हाच शेंदूर जवसाच्या तेलात घोटून जहाजांच्या तळांना, रेल्वेच्या पुलांना आणि मोटारीच्या चासीला लागला. सॅन फ्रान्सिस्कोचा गोल्डन गेट पूल 1937 मध्ये खुला झाला, तेव्हा त्याचा पहिला हातही शिशाच्या शेंदराचाच होता.

हे मिश्रण इतकं टिकतं कसं, याचा उलगडा विसाव्या शतकाच्या मध्यावर झाला. केंब्रिजच्या जे. ई. ओ. मेन यांनी दाखवलं, की शेंदूर नुसती भिंत बनून उभा राहत नाही. जवसाच्या तेलातल्या आम्लांशी संयोग होऊन शिशाचे साबणासारखे क्षार तयार होतात. झिरपून आलेल्या पाण्यात ते किंचित विरघळतात आणि गंज सुरू होण्याच्या जागीच त्याला अडवतात. म्हणजे तेलाविना शेंदूर अधुरा आणि शेंदराविना तेल. आज हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा रेड ऑक्साइड दिसायला त्याच वळणाचा, पण कुळी वेगळी. तो लोखंडाचाच ऑक्साइड आहे, गंजाचा जवळचा नातलग. तो पाणी अडवेल तेवढंच. आतून लढणं त्याच्या स्वभावात नाही.

शेंदराचं वैभव संपलं ते विषामुळे, आणि ते संपायलाच हवं होतं. शिसं रंगाऱ्याच्या रक्तात आणि हाडांत साठतं. त्याची पूड श्वासातून गेली तर अधिकच. म्हणून जुन्या चासीवरचा नारिंगी थर कोरडा घासून काढणं हा शुद्ध आततायीपणा आहे. आज त्याच्या जागी झिंक फॉस्फेट आणि इपॉक्सीचे प्रायमर आहेत.

आता या लेपांखालच्या गाड्यांकडे. दुसरं महायुद्ध संपलं आणि लष्कराच्या जीप लिलावात निघाल्या. पुढे मुंबईत माझगावला महिंद्रांनी विलीज जीपची जुळणी सुरू केली. जंगलपट्ट्यात ही गाडी शिकारी, ठेकेदार आणि वनखात्याची झाली. गंजाच्या दृष्टीने जीप मोठी प्रामाणिक गाडी. चासी वेगळी, बॉडी वेगळी, पत्रे सपाट आणि बहुतेक उघडे. युद्धकालीन जीपच्या तळाला पाणी सोडायची भोकंही होती, झाकणासकट. कुजलं की दिसतं, दिसलं की कापता येतं, आणि नवा पत्रा कोणताही बरा डेंटर वाकवून देतो.

रंगाच्या दुनियेत तोवर क्रांती होऊन गेली होती. घोडागाडीच्या रीतीने तेलाचं व्हार्निश चढवलं तर एक मोटार रंगवायला आठवडे जात. अमेरिकेत 1920 च्या दशकात ड्युपाँ कंपनीचा ड्युको आला आणि तेच काम काही तासांवर आलं. आपल्या गॅरेजांत आणि सुतारांच्या बोलण्यात ड्युको अजून जिवंत आहे. मात्र या रंगाने झळाळी दिली, राखण दिली नाही. खाली प्रायमर नसेल तर ड्युकोखालचा पत्रा खुशाल कुजतो. चकाकीवर भाळून जुनी गाडी विकत घेणाऱ्यांना हे उशिरा कळतं.

खरी फसवणूक गाड्यांच्या पुढच्या पिढीने केली. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात 1950 च्या दशकात फियाट 1100 बनवायला घेतली. हीच गाडी 1974 पासून प्रीमियर पद्मिनी म्हणून ओळखली गेली. तिला वेगळी चासी नाही. पत्र्याच्या पोकळ पेट्या एकमेकींना जोडून गाडीचा सारा भार त्यांच्यावरच टाकलेला. वजन कमी झालं, चाल सुधारली, पण दारांखालच्या तुळया आणि खांब आतून डोळ्याआड गेले. रबरी मॅटखाली साचलेलं पाणी तळाचा पत्रा खातं, दारातून उतरलेला चिखल तुळईत बसतो आणि बाहेरून रंग जसाच्या तसा. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो, त्यामुळे तो आतून फुगत जातो. रंगावर फोड आला, याचा अर्थ आतलं काम आटोपलं. मुंबईच्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून गेल्या. वयोमर्यादेने त्यांना थांबवलं खरं, पण अनेकींचा तळ त्याआधीच ठिगळांवर उभा होता.

कारखान्यांनी यावर उपाय काढला तो आंघोळीचा. अख्खी बॉडी आधी फॉस्फेटच्या आणि मग रंगाच्या हौदात बुडवायची, विजेच्या प्रवाहाने रंग कानाकोपऱ्यात ओढून न्यायचा. फोर्डने 1960 च्या दशकात ही पद्धत रुळवली. 1976 मध्ये त्यातला आणखी सरस, कॅथोडिक प्रकार अमेरिकेत आला. त्याच सुमारास पोर्शने बॉडीला जस्ताचा मुलामा द्यायला सुरुवात केली. जस्त स्वतः झिजून लोखंडाला वाचवतं.

जुन्या गाडीला ही आंघोळ मिळालेली नाही आणि आता मिळणंही कठीण. म्हणून रिस्टोअर केलेल्या गाडीची राखण हौदाआधीच्या काळासारखी हातानेच करावी लागते. कुजलेला पत्रा मुळापासून कापायचा, वर लांबी (पुट्टी) भरून गुळगुळीत करायचा नाही. लांबी पाणी शोषते आणि तिच्याखाली गंज निवांत वाढतो. उघड्या पत्र्यावर वॉटरपेपर मारून रात्रभर तसाच ठेवला तर सकाळी तपकिरी झाक दिसते, तेव्हा प्रायमर त्याच दिवशी. तळाला डांबर थापायचा सोस अजून जातच नाही. डांबर काही वर्षांनी तडकतं, तड्यातून पाणी शिरतं आणि मग तेच डांबर त्याला बाहेर पडू देत नाही. पावसाळ्याआधी तळाला जळकं ऑइल आणि डिझेल फवारण्याची सर्व्हिसिंग सेंटरची रीत त्यापेक्षा बरी, कारण तेल निदान फटीत उतरतं. पण डिझेल रबरी बुश खातं आणि ही फवारणी दरवर्षी नव्याने करावी लागते.

आज पोकळ्यांमध्ये मेणयुक्त तेल लांब नळीने फवारतात. ते पातळ अवस्थेत सांध्यांत रांगत जातं आणि मग दाटतं. या कामाला विदर्भातला एप्रिल-मे नामी. हवा कोरडी, तुळया आतून पुऱ्या वाळलेल्या आणि उन्हाने मेण आपणच पसरतं. जुलैत केलेलं काम ओल आत कोंडतं. फवारणीनंतर दारांच्या आणि तुळयांच्या खालची भोकं तारेने मोकळी करायची. रंगकामात ती बुजलेली हमखास सापडतात. झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत काचेखालच्या खोबणीतला पालाही काढावा लागतो.

मूळ पत्रा जपण्याला आता कायद्याचीही बाजू आहे. केंद्र सरकारने जुलै 2021 मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम काढले. नव्या नोंदणीला 20,000 रुपये शुल्क आणि नंबरात व्हीए ही अक्षरं. गाडी मूळ रूपात हवी, चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा, अशी त्यातली अट आहे. त्या अटीत बसायचं तर मूळ पत्रा जितका वाचेल तितका वाचवणंच सोयीचं.