बांधणे, कोंडणे आणि नोंदणे : लिंकन व हॅनवेल येथील एका वादाचा इतिहास

इ. स. १८२९ मध्ये इंग्लंडातील लिंकन येथील वेड्यांच्या आश्रमात एका रुग्णास घट्ट जाकिटात आवळून रात्री पलंगाशी पट्ट्यांनी बांधण्यात आले. सकाळी तो मृतावस्थेत आढळला. रात्रभर त्याच्या खोलीत कोणीही नव्हते. ‘बांधण्यात आले’ हा प्रयोग मी हेतुपुरस्सर केला आहे. कारण अशा प्रसंगांची कागदपत्रे बहुधा याच कर्तृहीन भाषेत लिहिलेली असतात. कोणी बांधले, कोणाच्या आज्ञेने बांधले, किती वेळ बांधले, हे वाक्यातून गळून जाते आणि शिल्लक राहते ती केवळ क्रिया. मनोरुग्णांच्या शुश्रूषेतील बंधनाचा इतिहास हा पुष्कळ अंशी या गळालेल्या कर्त्याला वाक्यात परत आणण्याचा इतिहास होय, असे माझे मत आहे.

त्या मृत्यूनंतर लिंकन येथे नियम झाला की, रुग्णास रात्री पलंगाशी बांधल्यास एका परिचारकाने त्याच खोलीत रात्रभर बसलेच पाहिजे. नियम साधा, पण त्याचा परिणाम दूरगामी झाला. बांधणे हे तोवर परिचारकाची झोप वाचविणारे साधन होते. आता ते त्याची झोप मोडणारे ठरले. आश्रमाचे वैद्य एडवर्ड पार्कर चार्ल्सवर्थ यांच्या आग्रहाने बंधनाच्या प्रत्येक प्रसंगाची वेळेसह नोंद होऊ लागली होती. तिचे आकडे रॉबर्ट गार्डिनर हिल या तरुण शल्यवैद्याने पुढे प्रसिद्ध केले. १८३० मध्ये ९२ रुग्णांपैकी ५४ जणांना बांधले गेले आणि बंधनाचे एकूण तास २७,००० हून अधिक भरले. १८३७ मध्ये रुग्ण १३० झाले. बांधले गेले ते दोघे, आणि तास अवघे २८. पुढील वर्षी हा आकडा शून्यावर आला. मधल्या काळात रुग्णांचा आजार सौम्य झाला होता असे मानण्यास काहीच आधार नाही. बदलली होती ती राखणाऱ्यांची रीत.

हिल १८३५ मध्ये तेथे आला आणि १८३८ मध्ये लिंकन येथेच दिलेल्या व्याख्यानात त्याने आपला सिद्धान्त मांडला : इमारत योग्य असेल आणि परिचारक पुरेसे, सशक्त, दयाळू व अहोरात्र जागरूक असतील, तर बंधनाची गरज कधीच पडत नाही. या विधानातील ‘तर’ फार महत्त्वाचा आहे. पुढच्या पिढ्यांनी बहुधा सिद्धान्त उचलला आणि अट मागे ठेवली. हिलला स्वतःला विरोधामुळे १८४० मध्ये पद सोडावे लागले. श्रेय त्याचे की चार्ल्सवर्थचे, हा कलह मात्र दीर्घकाळ चालला. तो येथे उगाळण्यात स्वारस्य नाही.

जॉन कॉनोली यांनी जून १८३९ मध्ये हॅनवेल येथील प्रचंड आश्रमाची सूत्रे हाती घेतली आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात तेथील सुमारे आठशे रुग्णांपैकी कोणाच्याही अंगावर यांत्रिक बंधन उरले नाही. एवढ्या मोठ्या संस्थेत हे घडल्यामुळे लिंकनचा प्रयोग अपवाद म्हणून बाजूस सारता येईना. पण खरा पेच येथेच सुरू होतो. कॉनोलींनी साखळी काढली आणि खवळलेल्या रुग्णासाठी गाद्यांनी मढविलेली खोली ठेवली. तेथील अल्पकाळचा निवास ही शिक्षा नसून उपचार आहे, उत्तेजित मेंदूला त्यामुळे विसावा मिळतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. टीकाकारांचा प्रश्न असा की, हात मोकळे ठेवून दार बंद केले तर बंधन गेले की त्याचा केवळ आकार वाढला? तिकडे परिचारकांच्या हातांनीही पट्ट्यांची जागा घेतली. आश्रमांत रुग्णांच्या बरगड्या मोडल्याच्या घटनांची इंग्लंडात १८७० च्या सुमारास बरीच चर्चा झाली. १८६९ पासून क्लोरल हायड्रेट उपलब्ध झाले, तेव्हा औषधाच्या गुंगीने बांधण्याचा तिसरा मार्गही खुला झाला.

येथे शब्दाकडे थोडे पाहिले पाहिजे. इंग्रजीतील ‘सिक्लूजन’ हा शब्द ज्या लॅटिन धातूवरून आला त्याचा अर्थ वेगळे करून कोंडणे असा आहे. व्यवहारात मात्र त्याला शांततेचा वास चिकटला. मराठीत त्यासाठी ‘एकांतवास’ योजावा, तर गोंधळ अधिकच वाढतो. एकांत आपल्याकडे साधक स्वतः शोधतो. कोणी कोणास एकांतात ‘टाकत’ नाही. वॉर्डात काम करणारी माणसे ‘कोंडणे’ म्हणतात, आणि त्या क्रियापदाला कर्ता व कर्म दोन्ही लागतात. परिभाषाकारांनी या अशिष्ट वाटणाऱ्या शब्दाचा अनादर करू नये.

आपल्या देशात हा प्रश्न ६ ऑगस्ट २००१ रोजी अतिशय भीषण रूपाने पुढे आला. तमिळनाडूतील एरवाडी येथे एका खासगी आश्रमाच्या झावळ्यांच्या छपराला आग लागली. साखळ्यांनी बांधलेल्या रुग्णांना पळता आले नाही आणि २८ जण मृत्युमुखी पडले. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने साखळीने बांधणे सर्वथा निषिद्ध केले आणि एकांत कोठडीही निषिद्ध केली. शारीरिक बंधनास मात्र मर्यादित जागा ठेवली : तात्काळ इजा टाळण्याचा अन्य मार्ग नसेल तेव्हाच, प्रभारी मनोविकारतज्ज्ञाच्या अनुमतीने, आणि आवश्यक तेवढाच काळ. बंधनाचा प्रकार, कारण व कालावधी यांची नोंद ताबडतोब झाली पाहिजे, आणि बांधलेल्या रुग्णावर वैद्यकीय कर्मचाऱ्यांची सतत देखरेख असली पाहिजे. लिंकनचा तो रात्रभर जागणारा परिचारक येथे कायद्याच्या भाषेत पुन्हा भेटतो.

त्याच कलमात आणखी एक निर्बंध आहे : केवळ कर्मचारी कमी आहेत म्हणून बंधन वापरता येणार नाही. हिलच्या ‘तर’चीच ही उलट बाजू. चाळीस रुग्णांच्या वॉर्डात रात्रपाळीला एकटी असलेली परिचारिका हे कलम कसे पाळणार, याचे उत्तर तिच्याकडे मागणे न्याय्य नाही. कारण पदे मंजूर करणे किंवा रिक्त ठेवणे तिच्या हाती नसते. नोंदवहीत तिची सही असते, तिला एकटी ठेवणाऱ्याची नसते.