रांगेत हरवलेले मिलिसेकंद

भिलाई ते मुंबई हे अंतर रेल्वेमार्गाने सुमारे ११०० किलोमीटर. ऑप्टिकल फायबरमधून प्रकाश सेकंदाला जवळपास दोन लाख किलोमीटर जातो. केबल रुळांच्या कडेने गेली आहे असे मानले, तर त्याला मुंबईला जाऊन परत येण्यास ११ मिलिसेकंद पुरतात. वाटेतील यंत्रांचा वेळ धरला की त्याच्या काही पट. अनेक ऑनलाइन खेळांचे भारतातील सर्व्हर मुंबईत असल्यामुळे भिलाईच्या खेळाडूसाठी हा हिशेब नुसता कागदावरचा नाही. पण त्याच घरात कोणी फोनमधील छायाचित्रे क्लाउडवर चढवू लागले, की मंद जोडणीवर हाच ‘पिंग’ हजार मिलिसेकंदांच्या पुढे जाऊ शकतो. प्रकाशाचा वेग बदललेला नसतो, मुंबईही दूर सरकलेली नसते. खेळाचे पॅकेट मुळात घराबाहेरच पडलेले नसते. ते मॉडेममध्ये छायाचित्रांच्या मागे रांगेत उभे असते.

अपलोडचा वेग सेकंदाला १ मेगाबिट असेल, तर १५०० बाइटचे एक पॅकेट रवाना व्हायला १२ मिलिसेकंद लागतात. पुढे अशी शंभर पॅकेटे असली तर १.२ सेकंद. खेळाचे स्वतःचे पॅकेट शंभरेक बाइटचे असते; त्याला एक मिलिसेकंदही लागत नाही. बाकी सारी प्रतीक्षा.

रांगेचा हा धोका फार पूर्वीच ओळखला गेला होता. १९८५ साली जॉन नेगल यांनी एक विलक्षण प्रश्न विचारला : जाळ्यातील यंत्रांना अमर्याद स्मृती दिली तर गर्दीचा प्रश्न सुटेल का? त्यांचे उत्तर नकारार्थी होते. पॅकेटला ठरावीक आयुष्य असते; रांग वाढत गेली तर प्रत्येक पॅकेट रांगेतच वृद्ध होऊन मरेल, आणि अमर्याद स्मृती असलेले जाळे काहीही पोहोचवणार नाही. त्यांनी सुचवलेला उपाय असा, की प्रत्येक प्रेषकाची रांग वेगळी ठेवावी आणि सर्वांना आळीपाळीने वाट द्यावी.

पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १९८६ मध्ये, लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांच्यातील जोडणीचा वेग सेकंदाला ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर कोसळला. दोन्ही स्थळांत अंतर जेमतेम ४०० यार्ड. चिठ्ठी हाताने नेऊन देणे अधिक जलद ठरले असते! व्हॅन जेकबसन यांनी त्यावर शोधलेली रीत १९८८ साली प्रसिद्ध झाली आणि इंटरनेट आजही मुख्यतः तिच्याच वारशावर चालते : पॅकेट हरवले, की पुढे गर्दी आहे असे समजून प्रेषकाने वेग कमी करायचा. म्हणजे पॅकेट हरवणे हा येथे दोष नसून निरोप आहे. पुढील सारा घोटाळा हा निरोप दडपला गेल्यामुळे झाला.

नेगल यांच्या कल्पनेला काटेकोर रूप देण्यात भारतीय संस्थांतून शिकून गेलेल्यांचा वाटा मोठा आहे. १९८९ च्या न्याय्य रांगेवरील शोधनिबंधाच्या तीन लेखकांपैकी श्रीनिवासन केशव हे आयआयटी दिल्लीचे पदवीधर. पवईच्या आयआयटीतून पदवी घेतलेले जॉर्ज वर्गीस यांनी एम. श्रीधर यांच्यासह १९९५ साली ‘डेफिसिट राउंड रॉबिन’ ही पद्धत मांडली : प्रत्येक रांगेला फेरीगणिक ठरावीक बाइटांचा हक्क द्यायचा आणि न वापरलेला हक्क पुढच्या फेरीत जमेस धरायचा. भिशीच्या वहीइतका साधा हिशेब, म्हणूनच स्वस्त यंत्रालाही झेपणारा.

दरम्यान स्मृती स्वस्त झाली. पॅकेट हरवू नये म्हणून उत्पादकांनी मॉडेम व राउटरमध्ये मोठमोठे बफर बसवले. हेतू चांगला, परिणाम उलटा : पॅकेट हरवत नाही, म्हणून प्रेषकाला गर्दीचा सुगावा लागत नाही, म्हणून तो रांग भरतच राहतो. २०१० साली जिम गेटिस यांना स्वतःच्या घरून मोठ्या फायली पाठवताना एक सेकंदाहून अधिक विलंब आढळला. या विकाराला त्यांनी ‘बफरब्लोट’, म्हणजे बफरला आलेली सूज, असे नाव दिले.

२०१२ साली कॅथलीन निकोल्स आणि तेच व्हॅन जेकबसन यांनी ‘कोडेल’ मांडले. रांग किती लांब आहे हे न पाहता पॅकेट तिच्यात किती वेळ थांबले ते मोजायचे. ही प्रतीक्षा सुमारे १०० मिलिसेकंदांच्या काळात एकदाही ५ मिलिसेकंदांखाली आली नाही, तर एक पॅकेट मुद्दाम टाकून द्यायचे. वर्गीस-श्रीधर यांची फेरी आणि कोडेलचे घड्याळ एकत्र करून बनलेली ‘एफक्यू-कोडेल’ त्याच वर्षी लिनक्समध्ये आली. २०२० मध्ये लिनक्सला मिळालेली ‘एफक्यू-पाय’ ही तिची चुलत बहीण एनआयटी सुरतकलमध्ये घडली.

एक अडचण मात्र उरते. रांग मॉडेममध्ये असेल, तर राउटरमधील शहाणपण निरुपयोगी. म्हणून राउटरने स्वतःहून जोडणीच्या वेगापेक्षा थोडे हळू पाठवायचे. मग रांग मॉडेमऐवजी राउटरमध्येच लागते. ‘ट्रॅफिक शेपिंग’ म्हणतात ते हेच. जुन्या तांब्याच्या एडीएसएल तारांवर तर दर ५३ बाइटांतील ५ बाइट पत्त्यातच जात, तेवढी तूटही धरावी लागे. १ मेगाबिटच्या जोडणीवर ०.९ ची मर्यादा घातली, तर ३०० मेगाबाइटची छायाचित्रे चढायला ४० ऐवजी सुमारे ४४ मिनिटे लागतात आणि खेळाच्या पॅकेटला सहसा एखाद्याच मोठ्या पॅकेटमागे, १३ मिलिसेकंद थांबावे लागते. चार मिनिटांच्या मोबदल्यात हा सौदा महाग म्हणता येणार नाही.

भारतात दूरसंचार सेवेच्या दर्जाच्या नियमांत विलंबाचा विचार स्वतंत्रपणे होतो. पण ब्रॉडबँड कशाला म्हणावे, याची अधिकृत व्याख्या २००४ साली सेकंदाला २५६ किलोबिट, २०१३ साली ५१२ किलोबिट आणि २०२३ साली २ मेगाबिट अशी चढत गेली. जोडणी परस्परसंवादी सेवांना पेलणारी असावी, असे ही व्याख्या म्हणते. आकडा मात्र फक्त डाउनलोडचा देते. भिलाईच्या त्या घरात रांग लागते ती अपलोडच्या बाजूला.